वक्रीबाईंनी स्वतःचाच रस्ता नाकारला

ऑफिसात त्यांना पाठीमागे ‘वक्री’ म्हणत आणि हे त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. ज्याने हे नाव पाडलं त्याला वाटलं, आपण काय भारी विनोद केला. बाई दिवसभर ग्रहांमधले वाकडे रस्ते आखतात आणि बोलायला गेलं तर त्याही सरळ बोलत नाहीत, म्हणून वक्री. यातली पहिली गोष्ट खरी होती, दुसरी साफ खोटी. बाई इतकं सरळ बोलत की वाकावं लागे ते समोरच्याला. तोंडावर मात्र सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. आपणही तेच म्हणू, पाठीमागून बोलणाऱ्यांत आपली गणती नको.

बाईंचं काम काय, हे सांगायला गेलं की ऐकणारा आधी कौतुकाने बघे आणि लगेच म्हणे, “म्हणजे तुम्ही रॉकेट बनवता!”

“नाही हो. रॉकेट यानाला वर नेऊन सोडतं, त्याचं काम तिथे संपलं. पुढचा सगळा रस्ता मी काढते.”

“पण वर तर सगळं मोकळंच असतं. रस्ता कशाला लागतो?”

इथे बाईंचा पारा चढायला लागे. वर काही म्हणजे काही मोकळं नसतं. जिथून निघायचं ती पृथ्वी सूर्याभोवती फिरत असते, जिथे पोचायचं तेही फिरत असतं आणि मधल्या मध्ये यानही फिरतच असतं. त्यातून बाईंच्या वाट्याला आलेली यानं सगळी अशक्त इंजिनाची. सूर्याच्या उजेडावर वीज करायची, त्या विजेने वायूचे कण मागे फेकायचे आणि त्यातून मिळेल तेवढा धक्का पदरात पाडून घ्यायचा. धक्का तरी किती? गरम चहावर आपण फुंकर घालतो तेवढा. फरक इतकाच की ही फुंकर थांबत नाही. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं ती चालू राहते आणि जडशीळ यानाला हळूहळू सूर्यापासून लांबच्या फेरीत ढकलत नेते. वायू अगदी थोडका लागतो म्हणून हे इंजिन सगळ्यांना हवं असतं. त्याचे नखरे सोसायला मात्र बाई.

नखरे काय एक होते? सूर्यापासून लांब गेलं की वीज कमी, म्हणजे फुंकर आणखी बारीक. आठवड्यातून एकदा यानाने पृथ्वीकडे तोंड करून खबरबात द्यायची, तेवढा वेळ इंजिन बंद. कॅमेऱ्यात ऊन शिरता कामा नये, म्हणून अमुक बाजूला वळायचंच नाही. कॉम्प्युटरला नुसतं ‘सगळ्यात चांगला रस्ता काढ’ म्हटलं तर तो निमूटपणे काढून देई. तो रस्ता दिसायला देखणा असे, पण त्यावर यान वर्षभर घरी बोलत नसे आणि कॅमेरा भाजून निघे. मग बाई एकेक अट घालत बसत. प्रत्येक अटीबरोबर रस्ता जरा कुरूप होई आणि जरा खरा होई. बाईंना हे काम मनापासून आवडे. देखण्या गोष्टींवर त्यांचा तसाही फारसा विश्वास नव्हता.

अशा बाईंनी उभ्या नोकरीत चार रस्ते काढले आणि त्यातले तीन कागदावरच राहिले. एक मोहीम सरकार बदललं म्हणून गेली, एकीचं यान जड झालं म्हणून, तर एक ज्याच्या डोक्यातून निघाली होती तो माणूसच नोकरी सोडून गेला म्हणून. चौथी मात्र जाणार होती. मंगळाच्या पलीकडे बटाट्यासारखा दिसणारा एक लघुग्रह आहे, त्याच्यापाशी जाऊन राहायचं. वाटेत मंगळाच्या जवळून जायचं, म्हणजे त्याच्या ओढीने यानाला फुकटचा जोरदार हिसका मिळतो आणि पुढची वाट सोपी होते. यान तयार होत होतं, रॉकेट ठरलं होतं आणि बाईंच्या निवृत्तीला अजून काही वर्षं होती. रस्ता असा बसला होता की बाई निवृत्त व्हायच्या आधी काही महिने यान पोचणार.

यान पोचतं त्या दिवशी नियंत्रण कक्षात पहिल्या रांगेत, संचालकांच्या शेजारी, एक खुर्ची रस्ता काढणाऱ्याची असते. बाईंना ती खुर्ची हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घ्या, अगदी लहान मुलाला हवी असते तशी हवी होती. तीन वेळा तोंडाशी आलेला घास गेला होता. आता हा चौथा कुणी काढून घेतला तर त्याच्या हाताला चावायची त्यांची तयारी होती.

घरी त्यांचा नवरा होता. तो शहरातल्या बसवर ड्रायव्हर. हे लग्न बाईंनी घरच्यांच्या नाकावर टिच्चून केलं होतं आणि का केलं याची त्यांच्याकडे एक गोष्ट होती. डेपोच्या वेळापत्रकात बसला थांबे होते, ड्रायव्हरला नव्हते. म्हणजे सकाळी बसलेला माणूस दुपारपर्यंत लघवीलाही जाऊ शकत नसे. एक दिवस या पठ्ठ्याने भरलेली बस रस्त्याच्या कडेला लावली, खाली उतरला, समोरच्या सार्वजनिक शौचालयात जाऊन आला आणि शीळ घालत परत गाडीवर बसला. त्याला घरी बसवलं गेलं. तरी तो हटला नाही आणि शेवटी वेळापत्रकात ती काही मिनिटं घालावी लागली. त्या बसमध्ये मागच्या बाकावर कॉलेजात जाणाऱ्या बाई बसल्या होत्या. बाकीचे प्रवासी बोंबलत होते आणि ही बया एकटी हसत होती.

आता मुद्द्यावर येऊ. बाईंच्या खोलीत एक पद्धत होती. यानाला काही खटकलं, एखादा आकडा वेडावाकडा आला, की ते घाबरून सगळं बंद करतं, सूर्याकडे तोंड करून बसतं आणि घरून हाक यायची वाट बघतं. खोलीत याला ‘रुसणं’ म्हणत. रुसवा काढायला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडे, आणि तोवर इंजिन बंद. म्हणून रस्ता आखून झाला की तो लांबलचक कागदावर छापून टेबलावर पसरायचा. ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशा कुणालातरी बोलवायचं. त्याने डोळे मिटून बोट ठेवायचं. जिथे बोट पडेल तिथे यान रुसलं असं धरायचं आणि मग रस्ता काढणाऱ्याने दाखवून द्यायचं की तरीही ते पोचतं. बोट ठेवणारा अडाणीच हवा, कारण जाणकार माणूस डोळे मिटूनही सोयीच्या जागी बोट ठेवतो.

या चौथ्या रस्त्याच्या वेळी ही पद्धत राहून गेली. संचालकांनी रस्ता मंजूर करणाऱ्या समितीची बैठक अलीकडे ओढली, मोठी माणसं बघायला येणार होती, आणि गडबडीत सगळेच म्हणाले, नंतर करू. बाईही म्हणाल्या. काळजीचं कारण कुणालाच दिसत नव्हतं, कारण बाईंनी सुरुवातीलाच सवड ठेवली होती. इंजिन दर आठवड्याला थोडं कमीच चालेल असं धरून सगळा रस्ता आखलेला. समितीने वाहवा केली आणि रस्ता मंजूर झाला. त्याचं भिंतभर चित्र छापून, काच लावून दर्शनी दालनात टांगलं गेलं. काळ्या आकाशात सोनेरी वळण. बाई येता-जाता त्याकडे बघत आणि कुणी आपल्याला बघतंय का, तेही बघत.

मग एका दुपारी खोलीतला एसी गळायला लागला आणि दुरुस्तीला माणूस आला. त्याचं शिडीवरचं काम आटोपल्यावर बाईंना आठवलं की पद्धत राहिलीय. त्यांनी कागद पसरला.

“जरा डोळे मिटा आणि इथे कुठेही बोट ठेवा.”

एसीवाला दचकला. “कशाला? काही ज्योतिषबितिष आहे का?”

“उलट आहे. ठेवा तुम्ही.”

“हात ओला आहे, बाई.”

“चालेल.”

त्याने ओलं बोट ठेवलं, कागदावर डाग पडला, त्याने माफी मागितली आणि शिडी घेऊन तो गेला. डाग मंगळाच्या जरा अलीकडे पडला होता. बाईंनी सहज म्हणून त्या जागी इंजिन दोन आठवडे बंद केलं आणि कॉम्प्युटर चालवला.

यान मंगळाला चुकलं.

बाईंनी परत चालवला. परत चुकलं. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला त्यांनी हाक मारली. त्याला सगळे ‘दशांश’ म्हणत, कारण हा माणूस चहात साखर किती विचारलं तरी दशांशचिन्हाच्या पुढे जाई. स्वभावाने भित्रा, कामाला चोख. दोघांनी मिळून पुढचे-मागचे आठवडे तपासले आणि एक अख्खा पट्टाच सापडला. मंगळाच्या आधीच्या त्या आठवड्यांत यान कुठेही रुसलं की खेळ खलास.

चूक कुठे होती, ते बाईंना दिसलं तेव्हा त्यांच्या कानांतून गरम वाफा निघायला लागल्या. सवड ठेवली होती, पण ती पोळीवर तूप लावावं तशी सगळीकडे सारखी पसरून ठेवली होती. आठवड्याला एक सुट्टी प्रत्येकाला मिळते, पण टायफॉइड झाला तर त्या सुट्टीचा काय उपयोग? तो काही रविवार बघून होत नाही. आणि पुढच्या महिन्यातल्या सुट्ट्या या महिन्यात घेता येत नाहीत, कारण तोवर मंगळ निघून गेलेला असतो. बस उशिरा निघाली तर ड्रायव्हर पाय दाबून वेळ भरून काढतो. या इंजिनाला दाबायला पायच नाही. जेवढी फुंकर आहे तेवढीच.

“बाई, पण नेमकं तेव्हाच रुसेल कशावरून?” दशांश हळूच म्हणाला.

“रुसणार नाही कशावरून?”

बाई उठल्या, टेबलावरचा लाल मार्कर घेतला आणि थेट दर्शनी दालनात गेल्या. चहाच्या वेळेची गर्दी होती. सगळ्यांच्या देखत त्यांनी त्या काचेवर, सोनेरी वळणाच्या मधोमध, हातभर लांबीचा जाड लाल पट्टा ओढला. एक पाहुणा म्हणाला, “हे काय आहे?” बाई म्हणाल्या, “माझी चूक आहे.” आणि मार्करला टोपण लावून त्या परत खोलीत आल्या.

संचालकांचं बोलावणं यायला फार वेळ लागला नाही. तसा हा माणूस वाईट नव्हता. त्याने ही मोहीम दारोदार फिरून, अपमान गिळून उभी केली होती. बाईंच्या निवृत्तीच्या वर्षीच त्याचीही निवृत्ती होती आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्याची होती.

“बाई, काच पुसायला सांगितलीय मी.”

“पुसा. पट्टा काचेवर नाही, रस्त्यात आहे.”

“तुमचा रस्ता समितीने मंजूर केलाय.”

“तो मी नामंजूर करतेय.”

“स्वतःचाच?”

“दुसऱ्याचा करायचा मला काय अधिकार?”

संचालकांनी कपाळावर हात मारून घेतला. “एका एसीवाल्याच्या बोटावरून मी मोहीम बदलू? वर जाऊन सांगू काय? की साहेब, हात ओला होता?”

“सांगा. खरं तेच आहे.”

मग त्यांनी विचारलं की दुसरा रस्ता आहे का. होता. बाईंनी तो तोवर आखायलाही घेतला होता. ठरल्या दिवशीच निघायचं, पण सूर्याभोवती आणखी एक फेरी मारून मंगळाला पुढच्या खेपेला गाठायचं. मंगळाच्या आधीचे आठवडे मुद्दाम कोरे ठेवायचे. काही बिघडलं तर त्यात भरून काढायचं, नाही बिघडलं तर इंजिन आराम करेल.

“आणि पोचायचं कधी?”

“जवळजवळ दोन वर्षं उशिरा.”

दोघांनाही तो हिशेब तोंडपाठ होता. संचालक अगदी हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे ना तुम्ही असाल, ना मी.”

“नसू.”

“कदाचित येणाऱ्या एका रुसव्यासाठी?”

“हो.”

“घरी जा. शांत डोक्याने विचार करा. आणि सोमवारी येऊन पहिल्याच रस्त्यावर सही करा. निघायच्या आधीची शेवटची सही तुमची लागते, म्हणून सांगतोय. नाही केलीत तर दुसऱ्याची घेईन.”

घरी आल्यावर बाईंनी सगळं नवऱ्याला सांगितलं. त्यांना वाटलं, बस सोडून उतरलेला हा माणूस टाळी देईल. तो वांगी चिरत होता. सुरी खाली न ठेवता म्हणाला, “सही करून टाक.”

“अहो, काय बोलताय?”

“बरोबर बोलतोय. तीन वेळा तुला रडताना पाहिलंय मी. इंजिन चांगलं आहे असं तूच सांगत असतेस. होईल सगळं नीट. त्या खुर्चीत बस एकदाची.”

“आणि नाही झालं नीट तर?”

“तर लोक म्हणतील, नशीब. तुला कोण विचारतंय?”

“मी विचारीन की!” बाई इतक्या जोरात ओरडल्या की शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला. “तुम्ही बस थांबवलीत तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं? तेव्हा तुम्ही म्हणालात का, होईल नीट, दाबून धरू?”

“ते माझं पोट होतं गं. त्यात खुर्ची जात नव्हती.”

यावर बाई आणखी चिडल्या. नवऱ्याचं काही चुकीचं नव्हतं, त्याला फक्त बायको हवी होती आणि ती सुखी हवी होती. बाईंना हे कळत होतं. रात्रभर त्या कुशी बदलत राहिल्या आणि सही करायची ठरवून दोनदा झोपल्यादेखील. पण झोप लागली की यान रुसे.

सोमवारी समिती बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकापुढे एकेक कागद. संचालकांनी विषय मांडला आणि बाईंकडे पेन सरकवलं. बाईंनी ते परत सरकवलं.

“मी सही करणार नाही. तुम्हा सगळ्यांना एक विनंती आहे. हा रस्ता टेबलावर पसरते. प्रत्येकाने डोळे मिटून एकेक बोट ठेवावं. एकाचंही बोट त्या पट्ट्यात पडलं नाही तर मी आत्ता सही करते.”

कुणीतरी हसलं. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “बाई, हा पोरखेळ आहे. आपण इथे शक्यतांचं गणित करतो. धोका अगदी थोडा आहे.”

“थोडा आहे ना? मग बोट ठेवायला काय हरकत आहे?”

कुणी हात पुढे केला नाही. भलीभली माणसं, डोक्यावर पिकलेले केस, आणि एकेकाने हात टेबलाखाली घेतले. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या मनात जी काही धाकधूक उरली होती ती तिथेच संपली. “भीती वाटते ना?” त्या म्हणाल्या. “मलाही वाटली. फक्त मी ती गणितात घातली आणि तुम्ही टेबलाखाली घातलीत.”

संचालक लाल झाले. त्यांनी दशांशकडे मान वळवली. “तुम्ही उपप्रमुख आहात. तुमची सही चालेल. करा.”

दशांशने पेन उचललं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याला दोन मुली होत्या, घरी म्हातारे आई-वडील होते, आणि पुढे बाईंची जागा त्यालाच मिळायची होती. त्याने सही केली असती तर बाईंनी त्याला बोल लावला नसता. दशांश पेनाकडे बघत राहिला आणि मग घसा खाकरून म्हणाला, “बाईंचं गणित मी तपासलंय. चौथ्या दशांशापर्यंत तपासलंय.” सगळे थांबले. “बरोबर आहे. मलाही सही करता येणार नाही.” आणि घाम पुसायला त्याने बाईंचाच रुमाल उचलला.

आता दोन सह्या गेल्या. रस्ता काढणारीच म्हणतेय रस्ता वाईट, तपासणारा म्हणतो तिचं खरं. उरलेल्यांपैकी कुणाला बळीचा बकरा व्हायची हौस नव्हती. दुपारपर्यंत उशिराचा रस्ता मंजूर झाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बैठक उठल्यावर संचालकांनी बाईंना थांबवून घेतलं, दार लावलं आणि स्वतः पाणी ओतून दिलं.

“जिंकलात. आता माझं ऐका. बदलाचं कारण लिहावं लागेल. मी लिहितो, वाटेत जास्त निरीक्षणं करता यावीत म्हणून रस्ता बदलला. कुणाचं नाक कापलं जात नाही, समितीचंही नाही. आणि तुम्हाला निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून दोन वर्षं ठेवून घ्यायची व्यवस्था करतो. यान पोचेल तेव्हा तुम्ही आपल्या खुर्चीत. तेवढं माझ्या हातात आहे.”

बाईंच्या हातात पेला तसाच राहिला. खुर्ची परत येत होती. रस्ताही खरा आणि खुर्चीही खरी, खोटं एकच वाक्य, आणि ते कुणी वाचणारही नव्हतं. त्यांना वाटलं, घ्यावी. या क्षणी हो म्हणावं आणि घरी जाऊन नवऱ्याच्या हातात हात घालून नाचावं.

“सर, शेजारच्या विभागात दुसऱ्या मोहिमेचा रस्ता चाललाय,” त्या म्हणाल्या. “कुठून शिकले ती मंडळी? माझ्याकडून. मीच त्यांना सांगितलं, सवड सारखी पसरा. निरीक्षणं वाढवायला बदलला असं तुम्ही लिहिलंत तर ते तशीच पसरतील.”

“त्यांना तोंडी सांगा.”

“मी निवृत्त झाल्यावर कोण सांगेल? आणि तोंडी ऐकतं कोण? तुम्ही ऐकलंत?”

“बाई, हट्ट सोडा. समितीने चुकीचा रस्ता मंजूर केला असं कागदावर आलं तर वरचे मला सोलून काढतील.”

“समितीचं नाव नका घालू. माझं घाला. लिहा, रस्ता आखताना सवड चुकीची ठेवली, रुसवा घालून बघायचं राहिलं, चूक आखणाऱ्या बाईंची.”

“असं लिहिल्यावर मी तुम्हाला सल्लागार कसा नेमणार? चूक केलेल्या माणसाला?”

“नका नेमू.”

“खुर्ची जाईल.”

“कळतंय मला. सारखं सारखं सांगू नका, त्रास होतो.” बाईंनी पेला टेबलावर ठेवून दिला. “कारण खरं लिहा. नाहीतर मी उद्या जाऊन काचेवर लिहीन. मार्कर आहे माझ्याकडे.”

कारण खरं लिहिलं गेलं. खालच्या मजल्यापर्यंत बातमी गेली की वक्रीबाईंनी चूक केली आणि स्वतःच कबूल केली. काहींनी नाकं मुरडली. ज्यांनी बोटं टेबलाखाली घेतली होती ते तर पुढे बरेच दिवस बाईंना समजुतीचे चार शब्द सांगत होते. बाई ऐकून घेत नसत. शेजारच्या विभागाने मात्र आपला रस्ता गुपचूप काढून परत आखला.

नवरा एवढंच म्हणाला, “गेली का खुर्ची?”

“गेली.”

“मूर्ख आहेस.” आणि त्याने बाईंच्या आवडीचा शिरा केला, ज्यात साखर जास्त पडली.

यान ठरल्या दिवशी निघालं. वर्षं गेली. इंजिन फुंकर घालत राहिलं, दर आठवड्याला यान पृथ्वीकडे वळून बोलत राहिलं. पहिल्या रस्त्याच्या हिशेबाने जे आठवडे लाल पट्ट्यात येत होते तेही आले, आणि बाई रोज सकाळी नियंत्रण कक्षात डोकावून येऊ लागल्या. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. यान रुसलं नाही, कुरकुरलं नाही, शहाण्या मुलासारखं चालत राहिलं. तो पट्टा निघून गेला आणि पहिला रस्ता, देखणा, सोनेरी, अगदी व्यवस्थित मंगळापर्यंत गेला असता.

पुढे एक दिवस उजाडला, ज्याची तारीख ऑफिसात फक्त दोघांच्याच डोक्यात होती. सकाळपासून बाईंचं कशात लक्ष नव्हतं. दुपारी संचालक त्यांच्या खोलीत आले. एरवी ते कुणाच्या खोलीत जात नसत, बोलावून घेत. समोरच्या खुर्चीवर बसले. केस बरेच गेले होते. दोघांचीही निवृत्ती तोंडावर आली होती आणि यानाला अजून सूर्याची जवळजवळ अख्खी फेरी बाकी होती.

“आज पोचलो असतो, बाई.”

“हो.”

“एकदाही रुसलं नाही.”

“नाही रुसलं.”

“आत्ता या वेळेला आपण दोघं तिथे बसलो असतो. पहिल्या रांगेत.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते ऐकायला फार जड गेलं. “तेव्हा सही केली असतीत तर?”

“तेव्हा हे माहीत नव्हतं.”

“आता तर माहीत आहे. पश्चात्ताप होतो की नाही? खरं सांगा.”

“खुर्चीचा होतो. रोज होतो. आज तर सकाळपासून होतोय.” बाईंनी चष्मा काढला. “नाही म्हटल्याचा नाही होत. तुम्ही आत्ता तोच कागद घेऊन आलात, त्याच दिवशीसारखा, पुढचं काही माहीत नसताना, तर मी पेन परत सरकवीन.”

संचालक हसायला गेले, पण ते जमलं नाही. “वक्री म्हणतात ते काही उगाच नाही,” असं म्हणून ते उठले आणि जाताना दार लावायला लागले.

“उघडंच राहू द्या,” बाई म्हणाल्या.

ते गेले. बाहेरून माणसं येत-जात होती, कुणी चहा घेऊन, कुणी कागद घेऊन. उघड्या दारासमोर, भर दुपारी, बाई टेबलावर हात ठेवून ताठ बसल्या आणि मनसोक्त रडल्या. ज्याला बघायचं होतं त्याने बघितलं. बाईंनी कुणासाठीही डोळे पुसले नाहीत.